दर गुरुवारी बंद पडणारं घड्याळ : लहान जपानी ऑटोमॅटिक घड्याळांची नेहमीची तक्रार

गुरुवारी सकाळी लेकीचा डबा भरता भरता ओट्याशेजारच्या फळीवर ठेवलेल्या घड्याळाकडे बघितलं, तर आठ वाजायला दहा मिनिटं होती. भाजी भरली, पोळ्या फडक्यात गुंडाळल्या, डब्याची कडी लावली आणि पुन्हा बघितलं, तरी दहाच मिनिटं. सेकंदकाटा सातवर थांबलेला. पुढच्या गुरुवारी तेच, त्याच्या पुढच्या गुरुवारीही तेच. सोमवारी सकाळी तर ते बंद असायचंच, ती सवय झाली होती. पण आठवडाभर वापरात असलेलं घड्याळ नेमकं गुरुवारीच का थांबावं, हे काही केल्या कळेना.

घड्याळ जपानी बनावटीचं आहे. छोटं, पांढऱ्या तबकडीचं, तबकडीवर उजेडात तिरकं धरल्यावरच दिसणारी बारीक नक्षी. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण शेवटी दोष घड्याळात निघालाच नाही. अशी घड्याळं घेणाऱ्या माझ्या ओळखीतल्या चार जणींची हीच तक्रार आहे. एकीने तर वैतागून ते कपाटात ठेवून दिलं आणि पुन्हा बॅटरीचं घड्याळ वापरायला लागली. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

मी आधी जवळच्या दुकानात गेले. त्यांनी घड्याळ उघडून बघितलं न बघितलं आणि आतलं मशीनच बदलू या म्हणाले. मी नको म्हटलं आणि दादरला स्टेशनजवळ बसणाऱ्या एका वयस्कर कारागिरांकडे गेले. त्यांनी ते टाइमग्राफरवर ठेवलं, म्हणजे घड्याळाची टिकटिक ऐकून चाल मोजणाऱ्या यंत्रावर. मिनिटभर बघून म्हणाले, "चाल चांगली आहे. ताई, चावी देता का तुम्ही?"

"काका, ऑटोमॅटिक आहे ना ते."

"असू दे की. हात हलला तर ते ऑटोमॅटिक. हातच हलला नाही तर ते बिचारं काय करणार?"

घरी येऊन वही काढली आणि तीन आठवडे नोंदी ठेवल्या. काकांचं म्हणणं अक्षरशः खरं निघालं.

आत काय चालतं

ऑटोमॅटिक घड्याळात बॅटरी नसते. एका छोट्या डबीत गुंडाळलेली पोलादी पट्टी असते. तिला मुख्य स्प्रिंग म्हणतात, जुने कारागीर कमान म्हणतात. ती गुंडाळली गेली की उलगडताना घड्याळ चालवते. गुंडाळण्याचं काम करतो रोटर, म्हणजे मागच्या बाजूला गरगर फिरणारं अर्धगोल वजन. मागे काच असेल तर तो दिसतोही. आपला हात हलला की रोटर फिरतो आणि तेवढी कमान भरते. रोटर कुठल्याही दिशेला फिरला तरी कमान भरावी म्हणून सेइको कंपनीने १९५९ मध्ये 'मॅजिक लिव्हर' नावाची एक साधी, दोन हुकांची पट्टी बसवली. तिच्या बऱ्याच ऑटोमॅटिक घड्याळांत ती अजूनही आहे.

आता बायकांच्या घड्याळांची गोष्ट. जपानी घड्याळांतलं जे सौंदर्य आपल्याला खेचून घेतं ते मोकळ्या तबकडीत असतं, बारीक काट्यांत, मनगटाबाहेर न जाणाऱ्या आकारात असतं. सेइकोच्या प्रेसाज मालिकेतलं 'कॉकटेल टाइम' हे त्याचं ओळखीचं उदाहरण. २०१० मध्ये जपानमध्ये आलेल्या या घड्याळांच्या तबकडीवर मधोमधून बाहेर जाणाऱ्या किरणांसारख्या रेघा असतात आणि त्यावर चकचकीत थर, पेल्यातल्या पेयावर दिव्याचा उजेड पडावा तसा. यात बायकांसाठी ३३.८ मिलिमीटर व्यासाची घड्याळं आली आणि नंतर त्याहून लहान, ३०.३ मिलिमीटरची. दिसायला फार देखणी. पण घड्याळ लहान म्हणजे आतलं मशीन लहान, आणि मशीन लहान म्हणजे रोटरही लहान.

इथे एक साधं गणित आहे, जे दुकानात कोणी सांगत नाही. रोटरची जाडी आणि धातू तोच ठेवून त्याचा व्यास फक्त एक पंचमांश कमी केला, तर त्याचा कमान फिरवण्याचा जोर एक पंचमांशाने नाही, जवळजवळ निम्म्याने कमी होतो. कारण हा जोर व्यासाच्या घनाच्या प्रमाणात बदलतो, आणि ०.८ चा घन ०.५१२ येतो. लहान घड्याळाला चालायला ताकदही थोडी कमी लागते हे खरं, पण नवऱ्याच्या मोठ्या घड्याळाला पुरणारी हालचाल आपल्या घड्याळाला पुरेलच असं नाही.

त्यात आपण घड्याळ काढतो कधी? कणीक मळताना, भांडी घासताना, कपडे पिळताना, लेकराला आंघोळ घालताना. म्हणजे हात सगळ्यांत जास्त हलतो तेव्हा घड्याळ फळीवर असतं, आणि खुर्चीत बसून की-बोर्डवर फक्त बोटं हलतात तेव्हा ते हातात असतं. कणीक मळताना घड्याळ घालून ठेवा असं मी मुळीच सांगत नाही. चावीच्या फटीत पीठ आणि ओल गेली तर दुखणं वाढेल. पण घड्याळ उपाशी का राहतं याचं हे खरं कारण आहे.

आधी एवढं शोधून काढा : भरत नाही की टिकत नाही?

घड्याळ थांबतं याची मुख्य कारणं दोन. एक तर कमान पुरेशी भरलीच जात नाही. नाहीतर भरते, पण आत कुठेतरी अडथळा असल्यामुळे भरलेलं टिकत नाही. पहिलं सवयीचं दुखणं, दुसरं कारागिराचं. दोन्हींत घड्याळ सारखंच बंद पडलेलं दिसतं, म्हणून नुसतं बघून कळत नाही. दोन चाचण्या कराव्या लागतात, आणि त्याला एक पैसाही लागत नाही.

पहिली चाचणी शनिवारी रात्री करा. चावी बाहेर न ओढता, आहे त्याच जागी ठेवून, वरच्या दिशेला म्हणजे बारा या आकड्याकडे सावकाश फिरवा. बोटांच्या दोन पेरांमध्ये धरून पुढे ढकलायची, सोडायची, पुन्हा ढकलायची. अगदी बारीक कुरकुर बोटाला जाणवते. अशा किमान पंचावन्न पूर्ण फेऱ्या द्या. जास्त चावी दिली तर स्प्रिंग तुटेल ही भीती जुन्या चावीच्या घड्याळांवरून आली आहे. ऑटोमॅटिक घड्याळात कमान पूर्ण भरली की तिचं टोक डबीच्या भिंतीवरून सरकतं, म्हणून ती जास्त ताणलीच जात नाही. वेळ लावा, तबकडी वर करून टेबलावर ठेवा, वेळ कागदावर लिहा आणि हात लावू नका.

आता ते कधी थांबतं ते बघा. सेइकोच्या ४आर३५ या नेहमीच्या मशीनची साठवण सुमारे ४१ तासांची, ३०.३ मिलिमीटरच्या लहान घड्याळांतल्या २आर०५ ची सुमारे ४० तासांची. तुमच्या घड्याळाच्या पुस्तिकेत 'पॉवर रिझर्व्ह' म्हणून हा आकडा दिलेला असतो. माझं ३९ तास चाललं. आकडा पुस्तिकेच्या दोन-तीन तास इकडे तिकडे आला तर मशीन निरोगी आहे, निश्चिंत व्हा. वीस-पंचवीस तासांतच थांबलं तर पुढचं काही करत बसू नका, थेट कारागीर गाठा. आतलं तेल सुकलं असेल, कुठे घाण अडकली असेल, किंवा कमान सैल पडली असेल.

दुसरी चाचणी तुमच्या दिवसाची आहे. घड्याळ पूर्ण थांबू द्या. सकाळी चावी न देता, फक्त सेकंदकाटा चालू होईल एवढंच हलवा आणि रोजच्यासारखं वापरा. काढल्यावर ते किती तास चाललं ते लिहा. जितके तास हातात होतं आणि काढल्यावर जितके तास चाललं, त्यांची बेरीज म्हणजे त्या दिवसाची कमाई. ती २४ किंवा जास्त असेल तर रोज थोडी शिल्लक पडते. २४ पेक्षा कमी असेल तर रोज तूट, आणि तूट साचत गेली की एक दिवस घड्याळ थांबणारच.

माझा गुरुवार कसा सुटला

मी सोमवार, मंगळवार आणि शुक्रवार डोंबिवलीहून लोकलने ऑफिसला जाते, बुधवार-गुरुवार घरून काम असतं. ऑफिसच्या दिवशी सकाळी आठ ते रात्री आठ, म्हणजे बारा तास घड्याळ हातात. जिने, पूल, गर्दीत वर-खाली होणारे हात. काढल्यावर ते पंधरा तास चाललं. बेरीज २७, रोजची शिल्लक ३ तास.

घरच्या दिवशी साडेनऊ ते साडेसहा, म्हणजे नऊ तास हातात. काढल्यावर जेमतेम नऊ तास चाललं. बेरीज १८, तूट ६ तास.

सोमवारी सकाळी ते बंदच असायचं. मी ते खुळखुळ्यासारखं दहा वेळा हलवायचे, वेळ लावायचे आणि स्टेशन गाठायचे. म्हणजे आठवडा शून्यापासून सुरू. मंगळवारी सकाळी आठला शिल्लक ३ तास, बुधवारी सकाळी आठला ६ तास. बुधवारी साडेनऊला हातात घालेपर्यंत त्यातले दीड तास गेले, उरले साडेचार. दिवसभर घरात बसून त्यात नऊची भर. संध्याकाळी साडेसहाला काढून ठेवलं तेव्हा आत साडेतेरा तास होते. साडेसहानंतर साडेतेरा तास मोजा. गुरुवारी सकाळचे आठ.

वहीत ही बेरीज झाली तेव्हा मी खरोखर हरखून गेले. घड्याळ इतके दिवस अगदी चोख हिशोब ठेवत होतं, आणि मी त्यालाच दोष देत होते.

सोमवारचंही तसंच. शुक्रवारी रात्री आठला काढलेलं घड्याळ सोमवारी सकाळी आठला हातात घ्यायचं म्हणजे मध्ये ६० तास जातात. चाळीस तासांची साठवण त्याला पुरणार कशी? सेइकोच्याच प्रेसाजमधल्या मोठ्या घड्याळांत, ज्यांच्या तबकडीवर 'आसानोहा' म्हणजे भांगेच्या पानांची जपानी नक्षी असते त्यांत, ६आर३५ हे सुमारे ७० तासांचं मशीन आहे. ते शनिवार-रविवार टेबलावर पडून काढू शकतं. पण ती घड्याळं माझ्या मनगटाबाहेर जातात. लहान घड्याळाची आवड असेल तर लहान साठवण आली, हे मी मनापासून स्वीकारलं आहे.

(आसानोहाबद्दल जाता जाता : हे झाड भराभर आणि सरळ वाढतं, म्हणून जपानमध्ये तान्ह्या बाळांच्या कपड्यांवर ही नक्षी घालायची पद्धत होती. मूल तसंच वाढावं म्हणून.)

उपाय काय केला? सोमवारी सकाळी चहा उकळेपर्यंत पंचावन्न फेऱ्या. बस. सोमवारी पूर्ण भरून सुरुवात झाली की बुधवार-गुरुवारची तूट सहज पेलली जाते आणि शुक्रवारी रात्रीपर्यंत घड्याळ थांबत नाही. तुमचे सगळेच दिवस घरून कामाचे असतील तर आठवड्यातून दोनदा द्या, उदाहरणार्थ सोमवारी आणि गुरुवारी. रोज फेऱ्या मोजत बसायची गरज नाही.

हलवून चालू करण्याची सवय मात्र सोडा. दहा झटक्यांत कमान नावापुरती भरते. सेकंदकाटा धावायला लागतो म्हणून आपल्याला वाटतं काम झालं, पण आत जवळजवळ काही नसतं. शिवाय कमान अर्धपोटी असली की घड्याळाची चालही बिघडते आणि ते मागे-पुढे पडायला लागतं. बऱ्याच जणी 'थांबतंही आणि चुकतंही' अशी दुहेरी तक्रार करतात, त्यात पुष्कळदा दुसरी तक्रार पहिलीतूनच आलेली असते.

फिरत्या पेटीत, म्हणजे वाइंडरमध्ये ठेवू का, असं विचारतात. एकच घड्याळ असेल तर माझं मत नको असं आहे. पंचावन्न फेऱ्यांना मिनिटभर लागतं.

चावीने भरताच येत नाहीत अशी घड्याळंही आहेत. सेइको ५ मधली बायकांची छोटी, ४२०७ मशीनची घड्याळं त्यांतली. त्यांची चावी फक्त वेळ आणि तारीख लावायला. ती आडवी धरून, झुलवल्यासारखी, अर्धा-पाऊण मिनिट सावकाश हलवावी लागतात आणि मग शक्य तेवढा वेळ हातात ठेवावी लागतात. घेण्याआधीच दुकानदाराला विचारा की चावी देता येते का. घरून काम करणाऱ्या बाईने चावी न देता येणारं लहान ऑटोमॅटिक घेऊ नये, हे मी ठामपणे सांगेन.

चाचण्या ठीक निघाल्या, तरीही थांबतं

मग बांगड्यांकडे बघा. घड्याळाच्याच हातात पाटल्या किंवा काचेच्या बांगड्या असतील तर त्यांची कड चावीखाली अडकून चावी अर्धा मिलिमीटर बाहेर ओढली जाते. यातल्या बऱ्याच मशीनमध्ये चावी बाहेर आली की सेकंदकाटा थांबतो, वेळ नीट लावता यावी म्हणून केलेली सोय आहे ती. घड्याळ भरलेलं असतं, निरोगी असतं आणि तरीही भर दुपारी थांबतं. अशा वेळी हलवण्याआधी चावी हलक्या हाताने आत दाबून बघा. चालू झालं तर कारण सापडलं. स्वेटरच्या बाहीनेही हे होतं. मी बांगड्या उजव्या हातात घेतल्या, त्यामुळे काचेवर चरे पडायचंही थांबलं.

घड्याळ थांबत नाही, पण अचानक दिवसाला काही मिनिटं पुढे जायला लागलं, तर लोहचुंबकाचा संशय घ्या. आत केसाएवढी बारीक हेअर स्प्रिंग असते. चुंबकाने तिचे वेढे एकमेकांना चिकटले की ती आखूड झाल्यासारखी वागते आणि घड्याळ पळत सुटतं. चुंबक कुठे असतात ते बघा: पर्सच्या झाकणाच्या टिचक्या बटणात, मोबाइलच्या घडीच्या कव्हरात, लॅपटॉपच्या स्पीकरमध्ये, फ्रिजच्या दाराच्या रबरात, पदराला लावायच्या नव्या चुंबकी पिनांमध्ये. माझ्या एका मैत्रिणीचं घड्याळ याच पर्सच्या बटणामुळे पळत होतं. रोज ऑफिसात पोचल्यावर ती ते काढून पर्सच्या पुढच्या खणात ठेवायची, बरोबर बटणाच्या मागे.

या घड्याळांची चुंबक सोसण्याची क्षमता बहुधा ४,८०० अँपियर प्रति मीटर असते. व्यवहारात याचा अर्थ एवढाच की अशा वस्तूंपासून किमान पाच सेंटिमीटर लांब ठेवा. साधं होकायंत्र असेल तर घड्याळ त्याच्याजवळून सावकाश न्या, सुई जोरात फिरली तर चुंबक बसला आहे. कारागिराकडे डिमॅग्नेटायझर असतो, पाच मिनिटांचं काम आहे, घड्याळ उघडावंही लागत नाही.

आता थोडंसं पुढे-मागे होणं. इथे बऱ्याच जणींचा गैरसमज आहे. ४आर३५ ची कंपनीने सांगितलेली मर्यादाच दिवसाला ४५ सेकंद पुढे ते ३५ सेकंद मागे अशी आहे. म्हणजे दोन दिवसांत मिनिटभर मागे पडलं तर ते बिघडलेलं नाही, मर्यादेतच आहे. बॅटरीच्या घड्याळाची अचूकता यात शोधू नका. रात्री ठेवण्याची पद्धत बदलून मात्र थोडी सुधारणा होते. तबकडी वर, चावी वर, चावी खाली, अशा वेगवेगळ्या स्थितींत घड्याळाची चाल थोडी वेगळी असते. प्रत्येक स्थितीत दोन-तीन रात्री ठेवून फरक लिहा. माझं चावी वर करून ठेवलं की रात्रीत काही सेकंद मागे येतं, दिवसा पुढे गेलेलं तिथे वळतं होतं.

आणि बंद पडलेल्या घड्याळाची तारीख लावताना घाई करू नका. रात्री नऊ ते पहाटे चारच्या दरम्यान आतली तारखेची चाकं एकमेकांत गुंतलेली असतात. तेव्हा चावीने तारीख बदलली तर दाते दुखावतात. थांबलेलं घड्याळ दहा दाखवत असेल तर ते सकाळचे की रात्रीचे हे बघून कळत नाही. म्हणून आधी काटे पुढे फिरवा, तारीख बदलली की ती मध्यरात्र समजा, तिथून काटे साडेसहावर आणा, मग कालची तारीख लावा आणि शेवटी काटे पुढे नेऊन आजची तारीख आणि वेळ आणा. दर गुरुवारी आणि सोमवारी हे करावं लागणं हाच घड्याळावरचा ताण आहे. ते न थांबू देण्याचं हेही एक कारण.

पावसाळ्याबद्दल थोडक्यात. घड्याळावर 'वॉटर रेझिस्टंट' वाचून फसू नका. ५ बार (बार म्हणजे पाण्याचा दाब सोसण्याचं माप) लिहिलं असलं तरी हात धुताना उडालेलं पाणी, पाऊस, घाम एवढंच धरून चाला. आंघोळ नाही, स्टीम नाही. काचेच्या आत वाफ दिसली आणि काही मिनिटांत न जाता तशीच राहिली, तर त्याच दिवशी कारागिराकडे जा. तांदळाच्या डब्यात ठेवू नका, तांदळाचा भुसा चावीच्या फटीत जातो. उन्हातही वाळवू नका. उरुशी म्हणजे जपानी लाखेची तबकडी असेल तर विशेष सांभाळा. गंमत अशी की ही लाख सुकते ती दमट हवेत, पण उन्हातल्या अतिनील किरणांनी तिचा रंग उतरतो.

आईचं घड्याळ

या सगळ्यात मला सारखं आईचं छोटं एचएमटी आठवत होतं. एचएमटीचा घड्याळांचा कारखाना १९६१ मध्ये बंगळुरूला सुरू झाला तो जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने, म्हणजे आपल्या घरांत जपानी घड्याळकला तेव्हाच येऊन पोचली होती. आईचं घड्याळ चावीचं. सकाळी रेडिओ लावला की बातम्या सुरू होण्याआधी ती खिडकीशी उभी राहून त्याला चावी द्यायची, डोळे बाहेर आणि बोटं चावीवर. एखाद्या दिवशी विसरली तर घड्याळ थांबायचं आणि ती म्हणायची, "अगं, चावी द्यायची राहिली." घड्याळ बिघडलं असं ती कधीच म्हणाली नाही. 'ऑटोमॅटिक' या शब्दाने आपल्या डोक्यातून ही गोष्ट पुसली.

जपानमध्ये तर १८७३ पर्यंत तासच ऋतूप्रमाणे लांब-आखूड व्हायचे. उजाडल्यापासून मावळेपर्यंत सहा भाग, मावळल्यापासून उजाडेपर्यंत सहा. उन्हाळ्यात दिवसाचा भाग मोठा, हिवाळ्यात लहान. त्या काळातल्या घड्याळांची वजनं सकाळ-संध्याकाळ हाताने सरकवावी लागत, पुढे दोन दांड्यांची घड्याळं आली तेव्हा ते काम कमी झालं. ज्या देशात घड्याळाकडे रोज दोनदा लक्ष द्यायची रीत होती, तिथल्या घड्याळाला मी आठवड्यातून एकदा मिनिटभर देते आहे.

कारागिराकडे जायचं झालंच तर

चार-पाच वर्षं वापरलेलं असेल आणि पहिल्या चाचणीचा आकडा दर काही महिन्यांनी घटत असेल, तर सर्व्हिसिंगची वेळ आली आहे. चावी देताना खरखर किंवा अडखळ जाणवली, घड्याळ हलवल्यावर आत काही सुटं वाजलं, किंवा हात स्थिर असतानाही रोटर खडखडला, तर वाट बघू नका.

जाताना एका कागदावर एवढं लिहून न्या : पूर्ण चावी देऊन टेबलावर किती तास चाललं, दिवसभर वापरून काढल्यावर किती तास चाललं, चोवीस तासांत किती सेकंद पुढे किंवा मागे, आणि घड्याळ कधी पडलं-भिजलं असेल तर केव्हा. नुसतं "मध्येच बंद पडतं" असं सांगितलं की समोरचा माणूस अंदाजाने काम करतो आणि आपण नको ते पैसे मोजतो. मशीन बदला म्हणाले तर टाइमग्राफरवरचा आकडा दाखवायला सांगा. कारण विचारा, बदललेला भाग परत मागा. दादरच्या काकांनी माझा कागद वाचला, घडी घालून परत दिला आणि म्हणाले, "ताई, घड्याळ ठीक आहे, घरी न्या. सोमवारी चावी द्यायला विसरू नका." पैसे घेतले नाहीत.